नाई सांगत म्हंजे नापास

मु. पिपरटोला, ता. मूल
९ फेब्रुवारी २०२५

राजदीप,

केसर आत्याचा जय भीम. फोनवर तुले तीन डाव विचारलं, तीनही डाव तुनं "आत्याबाई, आवाज कट होऊन राह्यला" म्हनून फोन ठेवून देल्ला. चिठ्ठी कट होत नाई. म्हनून लिवून राह्यली. चवथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाये. वाचता येत नसन तं तुह्या साहेबाकडून वाचून घे, मले लाज नाई. मूल-गडचिरोली बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली, तू बसस्टँडवरून घेऊन घे.

काम सरळ हाये. खुशबूच्या परीक्षेचा निकाल लागला. तुह्याच कॉलेजातली पोरगी, तुह्याच कपाटात तिचा कागद. ती घरी आली तं तोंड शिवून बसली. विचारलं, "लागला का?" म्हने, "लागला." म्हटलं, "काय लागला?" म्हने, "निकाल." झालं, पिच्चर खतम. तिच्या बापाले विचारावं तं तो म्हने, "लागला असन चांगलाच." तुह्या मामाजीचं सारं आयुष्य असंच चाललं हाये.

आता घाई काऊन ते आयक. सिंदेवाहीचे बापूराव नागदेवते २ मार्चले पोरगी पाहाले येऊन राह्यले. त्याईचा शीलवंत तुह्याच कॉलेजातून मांगल्या साली बी.एस्सी. होऊन निंगाला म्हनते. माह्यं ठरलं हाये. खुशबू पास असन तं पाव्हण्याईले चहा पाजून सांगीन, पोरगी शिकून राह्यली, दोन वर्षानं या. नापास असन तं लगन. तिनं कॉलेजात बाक गरम करावा म्हनून मी राईस मिलमंधी नाकातोंडात कोंडा घेऊन नाई राह्यली.

म्हनून तू कागद पाह्य अन् एक शब्द लिवून पाठव. पास नाईतं नापास. दोन शब्दाईची गरज नाई.

तुही आत्या
केसर


गडचिरोली
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्याबाईस राजदीपचा सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. अक्षर साहेबांपेक्षा बरं आहे.

आत्याबाई, राग मानू नका. खुशबूचा निकाल मी तुम्हाला सांगू शकत नाही. फोन मुद्दाम कापत होतो, हेही आता कबूल करतो. आमच्या कॉलेजने मागच्या वर्षी ठराव केला. विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला की त्याचे गुण, हजेरी, पत्ता, फोन नंबर, काहीही त्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही द्यायचं नाही. आईबापालाही नाही.

हे उगाच झालं नाही. एका पोरीचा काका म्हणून एक माणूस खिडकीवर आला, चांगला पांढरा शर्ट घातलेला. माझ्या आधीच्या बाबूने त्याला तिचा खोलीचा पत्ता अन् नंबर देऊन टाकला. तो तिचा काका नव्हता. पोरगी वर्ष सोडून गावी गेली. त्या बाबूची बदली झाली अन् त्या खुर्चीवर मी आलो. ती खुर्ची अजून गरमच आहे.

खुशबूने फॉर्म भरून त्यात तुमचं नाव लिहिलं असेल, तर पाच मिनिटांत कागद देतो. तिने फॉर्म भरला का, हे तुम्ही विचाराल. तेही सांगता येत नाही.

मामाजींना नमस्कार.

आपला
राजदीप


पिपरटोला
१६ फेब्रुवारी

राजदीप,

मी काका होय का रे?

नऊ महिने पोटात मी ठेवलं, अन् परवानगी तुह्या कॉलेजाची? तू पाच वर्षाचा होता तवा तुले खरूज झाली होती. साऱ्या अंगाले. तुही माय मजुरीले जाये अन् मी तुले आंगनात उभा करून निंबाच्या पान्यानं घासून काढत होती, गल्लीतल्या पोट्ट्याईसमोर. तवा तुनं कोनता फारम भरून देल्ला होता मले?

तुही चिठ्ठी म्या मिलमंधी जेवनाच्या सुट्टीत वाचून दाखवली. साऱ्या बायाईनं डबे बाजूले ठेवून आयकली. खुर्ची गरम हाये तिथी त्या हासल्या. मंग आमची कलाबाई, जी तांदळाची कनकी चाळाले माह्या बाजूले बसते, ते म्हने, "केसर, येवढं मोठं पुरान काऊन लिवलं त्यानं? घरचा मानूस हाये. पास असती तं पयल्या ओळीत सांगतलं असतं. नाई सांगत म्हंजे नापास."

म्या म्हटलं, "तसं कसं?"

तं म्हने, "डॉक्टर कवा म्हनते, बाहेर जाऊन बोलू? चांगलं असलं तं तिथीच बोलते ना?"

साऱ्या बायाईनं मान हालवली. मले बी पटलं. आता तूच सांग, बोलू नको तं बोलू नको, तुही नोकरी राहू दे. मी एक उपाय काढला. पास असन तं लिफाफा पुरा चिकटवून पाठव. नापास असन तं उघडा पाठव. तुह्या ठरावात लिफाफ्याचं काई लिवलं नसन.

तुही आत्या
केसर


गडचिरोली
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्याबाई,

लिफाफा अर्धा चिकटवला आहे. त्यातून काही अर्थ काढू नका.

खरजेची गोष्ट कृपा करून मिलमध्ये सांगू नका. सांगितली असेल तर आता काय करणार.

पण माझी पत्रं मात्र तिथं वाचू नका, हात जोडतो. कलाबाईचं गणित साफ चुकीचं आहे. मी पास झालेल्याचंही सांगत नाही अन् नापास झालेल्याचंही नाही. परवा आलापल्लीहून वनखात्यातले एक गृहस्थ पेढ्यांचा डबा घेऊनच खिडकीवर आले. पोरगी पहिली आली असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, कागद पाहून पेढे वाटायचे होते. त्यांनाही मी हेच उत्तर दिलं. ते म्हणाले, "म्हणजे पहिली नाही आली?" मी म्हटलं, "मी काहीच नाही म्हणालो." ते डबा तसाच घेऊन परत गेले. मला एक पेढासुद्धा दिला नाही.

माझं ऐकाल तर खुशबूलाच विचारा. पण उभं राहून, कमरेवर हात ठेवून विचारू नका. बसून विचारा.

आपला
राजदीप


पिपरटोला
३ मार्च

राजदीप,

काल पाव्हणे येऊन गेले. सारं सांगतो म्हंजे तुले समजन, मधी बोलू नको.

खुशबू शनिवारच्या बसनं आली होती. बसूनच विचारावं म्हनून मी बसली, तं चूल इझून गेली, उठा लागलं. मंग राहून गेलं. रविवारी अकरा वाजता बापूराव, त्याची बायको अन् शीलवंत आले. पोरगा दिसाले बरा हाये, बोलत नाई. पोहे खाल्ले. चहा झाला. खुशबू कप उचलाले आली अन् बापूराव मिश्या पुसत म्हने, "बाई, पोरगी नापास हाये ते आमाले माईत हाये. आमचं काई म्हननं नाई."

म्या हातातला कप खाली ठेवला. म्या म्हटलं, "तुमाले कोनं सांगतलं भाऊ?"

"आता गोष्ट काय लपून राह्यते? आमचं म्हननं येवढंच, नापासच हाये तं पुढचं शिकून कोनतं कलेक्टर व्हाचं हाये? जयंती झाली का एप्रिलमंधी उरकून टाकू. कॉलेजातून नाव काढून घ्या."

खुशबूनं बापूरावाकडं पाह्यलंच नाई. माह्याकडं पाह्यलं. मंग ट्रे तिथीच ठेवला अन् आत गेली.

ते पाव्हणे गेल्यावर मी आत गेली, तं ते ब्याग भरत होती. म्या म्हटलं, "बापूरावाले म्या नाई सांगतलं. मले तरी कुठी माईत हाये?"

म्हने, "आई, तू मिलमंधी काय बोलली?"

म्या म्हटलं, "काईच नाई. राजदीप सांगत नाई, येवढंच बोलली."

म्हने, "तुले सांगनं म्हंजे मिलच्या भोंग्यात सांगनं हाये. म्हनून नाई सांगतलं." अन् जेवली बी नाई, दुपारच्या बसनं चालली गेली.

मंग समजलं. कलाबाईची मावसबहीन म्हंजे बापूरावाची बायको. मिलमंधून गोष्ट निंगाली ते सरळ सिंदेवाहीले गेली. तू तोंड उघडलं नाई, कॉलेजानं तोंड उघडलं नाई, अन् नापासचा निकाल साऱ्या तालुक्यात लागून गेला. कलाबाईशी भांडन केलं. ते म्हने, "म्या कुठी खोटं सांगतलं? तुहीच चिठ्ठी, तुहाच भाचा." मी चाळनी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. माह्या आयुष्यात पयल्यांदा.

बापूराव १६ मार्चले पक्कं कराले येऊन राह्यले. तुह्या मामाजीले विचारलं, काय कराचं? तं म्हने, "करू काईतरी." म्हनून आता मीच करून राह्यली.

सोबत अर्ज जोडला हाये. त्याचं उत्तर कॉलेजाच्या कागदावर पाह्यजे, शिक्का पाह्यजे, साहेबाची सही पाह्यजे. लवकर.

तुही आत्या
केसर

(अर्ज)

मा. साहेब, जय भीम. मी केसरबाई हरिदास गोवर्धन. शीलवंत बापूराव नागदेवते हा मुलगा तुमच्या कॉलेजात बी.एस्सी. शिकला. तो पास हाये का नापास ते मले लेखी कळवावे. मी त्याची सासू होनार म्हनतात. तवा मले हक्क असावा. नसन तं तसं लेखी कळवावे, शिक्का मारून. उशीर करू नये.


जा. क्र. ११४ / परीक्षा विभाग
७ मार्च २०२५

प्रति,
श्रीमती केसरबाई हरिदास गोवर्धन
मु. पिपरटोला, ता. मूल

विषय : विद्यार्थ्याचा निकाल मिळणेबाबत.

महोदया,

आपला अर्ज प्राप्त झाला. विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याचे गुण, निकाल अथवा इतर नोंदी कोणासही देता येत नाहीत. नियोजित सासू ही बाब नियमात नमूद नाही. सबब आपली विनंती मान्य करता येत नाही. सदर विद्यार्थी उत्तीर्ण आहे अथवा अनुत्तीर्ण आहे, असा कोणताही अर्थ या पत्रावरून काढण्यात येऊ नये.

(सही व शिक्का)

आत्याबाई, हा कागद वेगळा लिहितो. "नियोजित सासू" ही ओळ साहेबांनी स्वतः घातली. दोनदा चष्मा पुसला त्यांनी. तुम्ही काय करणार आहात? मला सांगू नका. पण काही करू पण नका.
राजदीप


पिपरटोला
१७ मार्च

राजदीप,

केलं.

काल बापूराव आले. या डाव सोबत दोन मोठी मानसं बी होती. चटईवर बसले, पानी पेले, अन् बापूराव लगेच म्हने, "मंग तारीख काढाची ना?"

म्या म्हटलं, "काढू भाऊ. पन मुलाची बी चौकशी करा लागते ना? कॉलेजाले लिवलं होतं. हे उत्तर आलं." अन् तुह्या साहेबाची चिठ्ठी पयल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एक शब्द सोडला नाई. शिक्का साऱ्याईले दाखवला.

बापूराव म्हने, "मंग? याच्यात काय हाये?"

म्या म्हटलं, "काईच नाई. तुमच्या पोराचं बी नाई सांगत. अन् नाई सांगत म्हंजे नापास. हे गनित तुमचंच होय ना भाऊ? याच गनितानं तुमी माह्या पोरीचं नाव कॉलेजातून काढाले निंगाले होते."

सोबतचा एक मानूस फसकन हासला. बापूराव तापला. म्हने, "वा रे बाई! पोरगा समोर बसला हाये, त्यालेच विचारा ना. सांग रे शीलवंत, किती टक्के?"

शीलवंत खाकरला.

"सांग ना!"

म्हने, "बाबा, ते... पर्सनल असते."

"काय असते?"

"पर्सनल."

त्याची माय म्हने, "अरे, पन आपन पेढे वाटले होते ना?"

राजदीप, खरं सांगू का, मी त्याच घडीची वाट पाहून राह्यली होती. दहा दिवस झाले, कनकी चाळता चाळता मी ते सारं मनात घोळवलं होतं. आता बापूरावाले आणखी दोन सुनवीन अन् कलाबाईले जाऊन सांगीन, असं ठरलं होतं. पन त्या पोट्ट्याचं तोंड पाह्यलं. त्या रोजी ट्रे ठेवला तवा खुशबूचं तोंड जसं झालं होतं तस्संच. खालच्या ओठापासून कानापर्यंत लाल.

माह्या तोंडून निंगून गेलं, "भाऊ, इथी नका विचारू. चार मानसाईत नका विचारू. घरी जा, जेऊ घाला, मंग विचारा. नाईतं नका विचारू. त्याले सांगाचं असन तवा सांगन."

बापूराव "कळवतो" म्हनून उठले. ते काई आता कळवत नाई. जाता जाता शीलवंत माह्या पाया पडला. बाप पाहून राह्यला होता तरी. काऊन पडला ते म्या विचारलं नाई.

त्याचा कागद मले माईत नाई. पास बी असन पोट्टा. तू सांगू नको.

उद्या मी गडचिरोलीले येऊन राह्यली. तुह्याकडं नाई.

केसर


गडचिरोली
२१ मार्च २०२५

आदरणीय आत्याबाई,

मंगळवारी तुम्हाला खिडकीतून पाहिलं. करंजाच्या झाडाखाली बाकावर तुम्ही अन् खुशबू, मधे डबा. अकरा वाजता पाहिलं, साडेबाराला पाहिलं, जेवून आलो तरी तुम्ही तिथंच. तुम्हाला एका जागी एवढा वेळ बसलेलं मी जन्मात पाहिलं नाही. माझ्या खिडकीकडे एकदाही फिरकल्या नाहीत, म्हणून अधिकच काळजी वाटली.

सोयरीक मोडली का? खुशबूचं काय ठरलं? ती पुढे तिसऱ्या वर्षाला जाणार की तुम्ही नाव काढून घेणार? पुढच्या आठवड्यात उन्हाळी परीक्षेच्या याद्या लागतात, म्हणून विचारतो. नोंदीसाठी नाही, भाऊ म्हणून.

माझी आईही रोज विचारून राहिली आहे. तिला काय सांगू?

आपला
राजदीप


पिपरटोला
३० मार्च

राजदीप,

तुह्या मायले सांग, सारे खुशाल हाये.

सोयरीक मोडली. ते सांगाले हरकत नाई, ते साऱ्या तालुक्याले माईत हाये. नाव काढत नाई. खुशबू शिकन. ९ फेब्रुवारीच्या चिठ्ठीत म्या जे "नापास असन तं लगन" लिवलं होतं, ते खोडून टाक. खोडाले लावलं म्हनून काई अर्थ काढू नको.

बाकावर काय झालं ते सांगतो, पन सारं नाई. लाखोळीच्या डाळीचे वडे नेले होते. बसली. तू म्हनला होता ना, बसून. म्या म्हटलं, "मी विचाराले नाई आली." ते म्हने, "मंग कशाले आली?" म्या म्हटलं, "वडे द्याले." तिनं दोन वडे खाल्ले. मी गप. राजदीप, गप बसनं हे काम मिलच्या पोत्यापेक्षा वजनी हाये. जिभेले चटके बसत होते. शीलवंतची गोष्ट तेवढी सांगतली. तिनं डब्याचं झाकन लावलं. मंग म्हने, "तू त्याले वाचवलं?" म्या म्हटलं, "वाचवलं कशाचं, तोंड बंद ठेवलं."

मंग तिनं सांगतलं. सारं, स्वताहून, रडली बी थोडी. म्हने, "आई, मिलमंधी?" म्या म्हटलं, "मिलले आग लागली तरी नाई."

अन् नाई सांगतलं. बारा दिवस झाले. पोट फुगून राह्यलं माह्यं. तुह्या मामाजीले बी नाई सांगतलं, तसा त्यानं विचारलं बी नाई. कलाबाई रोज विचारते, "केसर, गडचिरोलीले गेली होती ना? काय निंगालं?" मी म्हनतो, "माईत हाये." म्हने, "मंग सांग." मी म्हनतो, "नाई." आता मिलमंधी दोन पार्ट्या झाल्या. अर्ध्या बाया म्हनते पास हाये म्हनून केसर माजली. अर्ध्या म्हनते नापास हाये म्हनून केसर मुकी झाली. दोन्ही पार्ट्या मले आपल्याकडं जेवाले बसवून राह्यल्या. इकडं ठेचा भेटते, तिकडं अंबाडीची भाजी.

आता कामाचं. यंदा खुशबू मोहफूल वेचाले गावाले येनार नाई. तिले अभ्यास हाये. कशाचा ते नाई सांगत. पास झालेले काय अभ्यास करत नाई? तुहा कागद तुले माईत हाये, पन माह्या तोंडून काई निंगालं नाई, हे ध्यानात ठेव.

अन् एक. तुमच्या कॉलेजात एक मास्तर हाये. कोनता विषय शिकवते ते मी सांगनार नाई, पोरीले शब्द देल्ला हाये. पन ज्याच्या खोलीतून सडक्या अंड्यावानी वास येते, त्याले म्हना, जरा हळू शिकवत जा. मांगच्या बाकावर समजत नाई.

ही चिठ्ठी वाचली का फाडून टाक. अन् फाडली म्हनून लिवून पाठव. शिक्का मारून.

तुही आत्या
केसर